थंडीसाठी घराची तयारी: आधी पाणी, मग फटी, मग छप्पर, हीटर शेवटी

गोदाकाठ

दिवाळी झाली की एकच प्रश्न सगळीकडून येतो, "हीटर कोणता घेऊ?" शेवटी विचारायचा प्रश्न आधी विचारला जातो आणि पैसे तिथेच संपतात. म्हणून हा धागा. नाशिक, धुळे, जळगाव, परभणी, नागपूर, गोंदिया या पट्ट्यातल्या घरांपुरतं बोलू.

आपली थंडी रात्रीची आहे. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा सहा-सात अंशांवर असतो, त्याच दिवशी दुपारी बाहेर पंचवीस-सव्वीस अंश असतात. म्हणजे घर तापवायचं काम सूर्य रोज फुकट करतो. ती ऊब संध्याकाळनंतर धरून ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि आपली घरं नेमकी तिथेच गळतात.

आता बिलाचा हिशोब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. पहाटे टाकीतलं पाणी १८ अंश आणि आंघोळीला ४२ अंश धरा. २० लिटरची बादली २४ अंशांनी तापवायची, म्हणजे ४८० किलोकॅलरी, म्हणजे ०.५६ युनिट. चौघांची आंघोळ सव्वादोन युनिटांत होते, महिन्याला ६७. शॉवर मिनिटाला ८-९ लिटर सोडतो. आठ मिनिटं उभं राहिलं तर हाच आकडा तिपटीच्या वर जातो.

याउलट २००० वॉटचा हीटर रोज चार तास चालवला तर दिवसाला ८ युनिट, महिन्याला २४०. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. टप्पा ओलांडला तर वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पण हीटरची सगळी २४० युनिटं वरच्याच टप्प्यांत बसतात, म्हणून ती इतकी बोचतात.

ज्याला जे नेमकं माहीत आहे ते लिहा. मापं आणि चुका दोन्ही हव्यात.

नळजोड

गिझरपासून सुरुवात करतो. काम दिवाळीआधी केलेलं बरं, पण अजूनही उशीर झालेला नाही.

बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो. थरामुळे बिल वाढतं असं सर्रास सांगतात, ते तितकंसं खरं नाही. कॉइल पाण्यात बुडालेली आहे, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. नुकसान होतं ते कॉइलचं. थराखाली ती जास्त तापते आणि एक दिवस फुटते. थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरलेलं तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) नळीवरही क्षार बसतो, मग तो वेळेवर वीज तोडत नाही आणि सुरक्षेचा कटआउट उडू लागतो. "गिझर मध्येच बंद पडतो" या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

साफ करायची रीत: एमसीबी (बोर्डातला त्या लाइनीचा सुरक्षा-स्विच) खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. थंड पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. खालच्या झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने सैल करा. कॉइल बाहेर काढून कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व टाकून तासभर बुडवून ठेवा, थर आपोआप सुटतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, तांब्याच्या नळीला चीर गेली की कॉइल संपली. संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको, ते तांबं खातं. झाकणाखालचं जुनं रबरी गॅस्केट परत लावू नका, नवीन बसवा. मल्टीमीटर असेल तर कॉइलचा रोध मोजा: २००० वॉटला सुमारे २६ ओहम यायला हवा, ३००० वॉटला साडेसतरा.

तिथेच मॅग्नेशियमचा रॉड दिसेल. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. अर्ध्याहून बारीक झाला की बदला. हा रॉड कुणी बघत नाही आणि पाच वर्षांनी टाकी गळली की कंपनीला नावं ठेवतात.

परत बसवल्यावर गरम नळाला सलग धार येईपर्यंत वीज चालू करायची नाही. कोरडी कॉइल मिनिटभरात जळते.

थर्मोस्टॅट ५५ ते ६० वर ठेवा. ७५ वर ठेवून निम्मं थंड पाणी मिसळण्यात टाकीतून जास्त उष्णता झिरपते आणि क्षारही जास्त बसतो. ५० च्या खाली मात्र उतरू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात.

तुळशीवृंदावन

गिझर तापताना वरच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. बंद करून टाकू का?

नळजोड

नका! हात जोडून सांगतो. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटरने फुगतं. थंड बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असल्याने त्या पाण्याला जायला तेवढी एकच वाट आहे. ती बुजवली तर दाब टाकीवर येतो. तापताना थोडं ठिबकणं बरोबरच आहे. त्याला बारीक नळी जोडून मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही सतत धार असेल तर एकतर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा गच्चीवरच्या पंपाचा दाब जास्त आहे.

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर घेणाऱ्यांसाठी: ३००० वॉटची कॉइल मिनिटाला ३ लिटर धारेला फक्त १४ अंश चढवते. ऑक्टोबरात पाणी छान गरम येतं आणि डिसेंबरात तेच कोमट लागतं, मग लोक गिझर बिघडला समजतात. धार मिनिटाला दोन लिटरवर आणा, २१ अंश चढतील. आंघोळीला तो नकोच, स्वयंपाकघरातल्या नळाला ठीक आहे.

तारतंत्री

हीटर, गिझर, पाण्यात सोडायचा रॉड, सगळ्यांना लागू: २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर हा भार टाकायचा नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला थेट बोर्डातून आलेली किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. गिझरला चार चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली चांगली.

पिन बदलायचा ॲडॅप्टर लावून मोठी पिन छोट्या सॉकेटात घुसवणं हे आगीचं नेहमीचं कारण. तपासायला उपकरण लागत नाही. हीटर अर्धा तास चालवून बंद करा, प्लग उपसा आणि पिनांना हात लावा. चटका बसण्याइतक्या गरम असतील तर सॉकेटातली पट्टी सैल झाली आहे किंवा मागचा स्क्रू ढिला आहे. सॉकेटच्या भोवती प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी झालं असेल तर वाट बघू नका, आजच बदला.

पाण्यात सोडायचा रॉड: १५०० वॉटचा २० लिटर पाणी २५ अंशांनी चढवायला साधारण २३ मिनिटं घेतो. बादली प्लॅस्टिकची, लोखंडी किंवा स्टीलची नको. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी आल्याशिवाय बटण लावायचं नाही. पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर रॉड वापरू नका. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर तो नुसता शोभेला आहे.

सुतारपक्षी

दारं-खिडक्यांचं मी लिहितो, कारण सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो.

जुन्या घरांना उंबरा होता, दार त्याला टेकायचं. आता उंबरे गेले आणि दाराखाली १०-१२ मिलिमीटरची फट राहिली. तीन फुटी दाराला १२ मिलिमीटर फट म्हणजे १०८ चौरस सेंटिमीटर, भिंतीला चार इंची चौकोनी भोक पाडून ठेवल्यासारखंच. दाराच्या तळाशी सरकवायचे फोमचे जोडलोळे मिळतात, दोन्ही बाजूंना एकेक लोळा आणि मध्ये कापड. ३६ इंचाचा घ्या आणि दाराच्या मापाला कापा. फरशी खडबडीत असेल, शहाबादी वगैरे, तर फोम महिन्यात फाटतो. तिथे ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला ब्रश लावा आणि केस फरशीला जेमतेम टेकतील एवढेच ठेवा. दाबून लावला तर दार ओढताना पट्टीचे स्क्रू निघतात.

फटी शोधायला पहाटेची वेळ चांगली. पंखे बंद करा, उदबत्ती लावा आणि चौकटीच्या कडेकडेने हळू फिरवा. धूर सरळ वर जातोय तिथे ठीक. आडवा झाला तिथे खडूने खूण करा. खिडकीपेक्षा जास्त वारा भलतीकडून येतो हे बघून आश्चर्य वाटेल: एसीच्या पाइपचं भोक, एक्झॉस्ट पंख्याचं तोंड, बाहेरच्या भिंतीतला स्विचबोर्ड, चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग.

एसीच्या भोकाला पुट्टी. एक्झॉस्टला बाहेरून पडणाऱ्या झडपांचं शटर, पंखा बंद झाला की ते आपोआप मिटतं. भिंतीची भेग केसासारखी असेल तर रंग लागणारं ॲक्रिलिक सीलंट. सेंटिमीटरहून मोठी असेल तर डब्यातून फवारायचा पीयू फोम, पण पोकळी अर्धीच भरा. तो फुगतो आणि जास्त भरला तर ॲल्युमिनियमची चौकट आत वाकवतो, मग खिडकी सरकत नाही. सिलिकोन घेताना न्यूट्रल मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकोन ॲल्युमिनियम आणि सिमेंटला चालत नाही.

सरकत्या खिडक्यांत दोन काचांच्या मधल्या पट्टीत केसाळ लोकरी पट्टी असते. सात-आठ वर्षांत ती झडते आणि खिडकी खडखडू लागते. खडखडणारी खिडकी म्हणजे गळणारी खिडकी.

एक चूक हमखास होते. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, त्यातून वारा येतो म्हणून लोक ती सिलिकोनने बुजवतात. ती पावसाचं पाणी बाहेर जायला आहेत. बुजवली की जूनमध्ये पाणी ट्रॅक भरून घरात येतं. वारा खुपत असेल तर हिवाळ्यापुरता स्पंजचा तुकडा बसवा आणि मे महिन्यात काढा.

वऱ्हाडऊन

सुतारपक्षी यांच्या यादीत पडद्यांची वेळ जोडा. नागपूर-अमरावतीकडे उन्हाळ्याची सवय इतकी मुरलेली असते की हिवाळ्यातही दक्षिणेचे पडदे दिवसभर ओढलेले असतात. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४५-४६ अंशांवरच असतो. दोन फुटी छज्जा खिडकीवर दोनच फूट सावली पाडतो, म्हणजे चार फुटी खिडकीचा खालचा अर्धा भाग ऐन दुपारीही उन्हात असतो, सकाळ-दुपार तर जास्तच. एक चौरस मीटर स्वच्छ काचेतून दिवसाला साधारण तीन युनिटांइतकी उष्णता आत येते. तेवढ्यासाठी १००० वॉटचा हीटर तीन तास लावावा लागेल.

सकाळी नऊपासून दक्षिणेचे पडदे सताड उघडे, साडेचारला बंद. पडदा जाड आणि जमिनीला टेकणारा हवा. वरून उघडा असेल तर काचेजवळ गार झालेली हवा पडद्यामागून खाली ओघळत पायांशी येते, म्हणून दांड्यावर फळी किंवा कापडाची झालर लावून वरचं तोंड मिटवा. त्या उन्हाच्या पट्ट्यात गालिचा घालू नका. उघडी फरशी ऊन पिते आणि रात्री परत देते. गालिचा रात्री पसरा.

तुळशीवृंदावन

सगळ्या फटी बुजवल्या तर गुदमरायला नाही होणार? आमच्याकडे आजी रात्री खोलीत शेगडी ठेवतात.

गोदाकाठ

हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं झालं. सगळ्यांनी थांबून वाचा.

बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे, काहीही ठेवायचं नाही. निखारे धूर करत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, पण धूर नसतानाही त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू भरपूर निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दार किलकिलं ठेवलं म्हणून धोका टळत नाही. आजींना शेक हवा असेल तर अंगणात किंवा ओसरीवर, आणि निजायच्या खोलीत निखारा न्यायचाच नाही, विझत आलेला तर मुळीच नाही.

गॅस गिझरचंही तेच. तो न्हाणीघरात नसावाच. बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत घ्या. आत असेल तर या आठवड्यात हलवा, आणि हलेपर्यंत झरोक्याच्या काचा उघड्या ठेवा. बादली भरून गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.

तिसरं: स्वयंपाकघरात फरशीलगत जी जाळी असते ती बुजवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, गळला तर जमिनीवर साचतो. त्याला निघून जायची वाट तीच.

बाकी खोल्यांत माणसांच्या श्वासाला पुरेल एवढी हवा आपल्या घरांत उरतेच, इतकी घट्ट दारं आपल्याकडे बसत नाहीत. दुपारी दोन ते तीन बाहेर ऊब असते तेव्हा सगळ्या खिडक्या उघडा. ओल जाते, हवा बदलते आणि काही गमवावं लागत नाही. आजींच्या खोलीचा पारा मात्र बघत राहा. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या तापमानाची किमान शिफारस १८ अंशांची आहे, वृद्ध आणि तान्ह्या बाळांसाठी त्याहून थोडं जास्तच हवं. साधा भिंतीवरचा थर्मामीटर उशाच्या उंचीला लावा, छताजवळ नाही.

गच्चीकाम

शेवटच्या मजल्यावरच्या लोकांनी हे वाचावं. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घ्या. दोन भिंती बाहेरच्या, वर थेट गच्ची. आत-बाहेर दहा अंशांचा फरक असताना बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा ढोबळ हिशोब असा येतो: पाच इंची स्लॅबमधून साडेतीनशे वॉट, नऊ इंची विटेच्या दोन भिंतींतून पावणेचारशे, काचेतून ऐंशी-नव्वद, फटींतल्या वाऱ्यातून शंभर ते तीनशे. एकटा स्लॅब जवळपास दोन भिंतींएवढी उष्णता घालवतो, आणि तोही मोकळ्या आभाळाकडे तोंड करून. निरभ्र रात्री तो हवेपेक्षाही गार होतो.

गच्चीवर ५० मिलिमीटरचे एक्सपीएसचे (घट्ट पॉलिस्टायरिन फोमचे) ताव घातले तर स्लॅबचे साडेतीनशे वॉट साठ-सत्तरवर येतात. क्रम असा: जुना कोबा तपासा, पोकळ वाजेल तिथे फोडा. मग वॉटरप्रूफिंग, आणि पाणी कोंडून दोन दिवस चाचणी. त्यानंतर ताव, सांधे एकमेकांना भिडवून. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी घातलेला कोबा किंवा फरशा, शंभराला एक उतार. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटचा गोला नीट आला नाही तर पाणी तावाखाली शिरतं आणि कुठून गळतंय ते सापडत नाही. हे काम पाणी-चाचणीशिवाय करू देऊ नका, कंत्राटदार कितीही घाई करो.

खर्च मोठा आहे हे खरं. पण हाच थर मे महिन्यात दुपटीने उपयोगी पडतो, म्हणून फक्त हिवाळ्याच्या तराजूत तो मोजू नये.

पांढरा रंग लावलेल्या गच्च्या हिवाळ्यात थोड्या जास्त गार राहतात का? हो, राहतात. तरी लावा. आपल्याकडे दोन महिने थंडी आणि चार महिने भट्टी आहे.

माळवद

जुन्या घरांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. दोन फुटी दगड-मातीच्या भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद असलेलं घर पहाटे उबदार असतं, कारण दुपारची उष्णता आत पोहोचायलाच रात्र होते. ते पाडून पत्रा टाकला की हे सगळं जातं.

पत्र्याच्या घरात दोन त्रास. एक, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या लाटांच्या पोकळ्या. पत्र्याच्या नमुन्याची फोमची पट्टी मिळते, ती बसवा. खोलीत चूल असेल तर मात्र वरची एक बाजू उघडीच ठेवा. दुसरा, पहाटे पत्र्याला आतून दव धरून अंथरुणावर ठिबकणं. पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून चटई किंवा सिमेंट बोर्डाचं छत करा, दोन्ही कमी होतं. उघडा थर्माकोल लावू नका, ठिणगीला पेट घेतो आणि वितळून खाली गळतो.

सोलरवाला

काचेच्या नळ्यांचे सोलर बंब असलेल्यांच्या तक्रारी हिवाळ्यातच येतात, आणि बहुतेक वेळा दोष पाइपात असतो. गच्चीवरून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप वीस मीटर असेल तर त्यात सहा लिटर पाणी मावतं. पहिलं सहा लिटर गार येतं. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरा, विसावणाला लागतं. पाइपावर १३ मिलिमीटरची नायट्राइल रबराची नळी चढवा आणि वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळा. पांढऱ्या फोमची (ईपीई) नळी उन्हात एका वर्षात भुगा होते. पाइप सीपीव्हीसी किंवा कंपोझिटच हवा, साधा पीव्हीसी सोलरच्या पाण्याने वाकतो.

पाणी अचानक कोमट यायला लागलं तर आधी मिक्सर नळ बघा. थंड लाइनला प्रेशर पंप आणि गरम लाइन नुसत्या उतारावर असेल तर मिक्सरमधून थंड पाणी उलटं गरम लाइनीत घुसतं. गरम लाइनीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावला की प्रश्न मिटतो.

नवीन बसवताना कल अक्षांशापेक्षा १०-१५ अंश जास्त, म्हणजे नाशिक-नागपूरला ३० ते ३५, तोंड दक्षिणेला. उन्हाळ्यात थोडं कमी तापेल, तेव्हा गरज कुठे असते? नळ्यांवरची धूळ महिन्याला धुवा, पण सकाळी लवकर. भर उन्हात तापलेल्या नळीवर गार पाणी मारलं तर ती तडकते. टाकीतली विजेची कॉइल रात्रभर चालू ठेवू नका, टायमर लावून पहाटेचा एक तास पुरतो.

शेकोटी_७

ऑइल हीटर घेतला तर बिल कमी येतं असं दुकानदार सांगतो. ११ फिनचा (उभ्या पट्ट्यांचा) घेतोय.

तारतंत्री

येत नाही. दोन हजार वॉटचा कॉइलचा, पंख्याचा, क्वार्ट्झचा, तेलाचा, सगळे तासाला दोन युनिट खातात आणि दोन युनिटांचीच उष्णता देतात. तेल जळत नाही, ते फक्त ऊब धरून ठेवतं. तेलाच्या हीटरचा फायदा वेगळा आहे: लाल तार नाही, आवाज नाही, थर्मोस्टॅट बरा असतो, म्हणून निजायच्या खोलीला चांगला. एकटाच माणूस टेबलाशी बसून काम करत असेल तर ४००-८०० वॉटचा क्वार्ट्झ अंगावर शेक देतो, खोली तापवत बसत नाही. माणूस तापवायचा की खोली, हे ठरवून घ्या. कुठलाही घेतलात तरी पडद्या-पांघरुणापासून मीटरभर लांब, आणि वर कपडे वाळत घालायचे नाहीत.

खरंच कमी विजेत खोली तापवतो तो थंड-गरम इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत टाकतो, म्हणून एका युनिटात तीन-साडेतीन युनिटांची ऊब मिळते. फक्त थंड करणाऱ्या एसीला हे जमत नाही, खरेदीच्या वेळी "हॉट अँड कोल्ड" लिहिलेलं बघा. झडपा पूर्ण खाली वळवा, नाहीतर गरम हवा छतालाच राहते. बाहेर पाच अंशांच्या खाली गेलं की अधूनमधून पाच-दहा मिनिटं तो गरम हवा थांबवतो. बाहेरच्या यंत्रावरचा बर्फ वितळवत असतो, बिघाड नाही.

गोधडी

तीन हजार रुपयांच्या हीटरआधी गादी बघा. दबलेल्या कापसाच्या गादीत हवा उरत नाही आणि ऊब हवेतच असते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, तीच गादी दीडपट फुगते. जमिनीवर झोपत असाल तर फरशीवर आधी चटई, मग सतरंजी, मग गादी. वरून चार पांघरुणं घेऊनही थंडी वाजते ती खालून येते. गोधडी, गादी दर आठवड्याला दोन तास उन्हात टाका. दमट कापूस गार लागतो. विजेची चादर एकेरी ६० ते १०० वॉटची असते, झोपायच्या आधी अर्धा तास लावून बंद केली तरी पुरते. ती घडी घालून कपाटात कोंबू नका, गुंडाळून ठेवा, नाहीतर आतली तार मोडते.

नळजोड

गॅसवर पाणी की विजेवर, असं निरोपात दोघांनी विचारलं. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गॅस गिझर साधारण १५० युनिटांएवढं गरम पाणी देतो. सिलिंडरच्या किमतीला १५० ने भागा आणि उत्तर तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून बघा, आकार-अधिभार धरून.

ज्यांच्याकडे तांब्याचा बंब पडून आहे आणि अंगण आहे, त्यांनी तो काढाच. नारळाच्या करवंट्या, मक्याची कणसं, सुकी पानं, गोवरी, काहीही चालतं. आधी पाणी काठोकाठ भरा, मगच पेटवा. रिकामा तापला तर आतल्या नळाची झाळ सुटते आणि बंब गळतो. खालच्या जाळीतली राख रोज काढा, नाहीतर ओढ बसत नाही आणि नुसता धूर होतो. बंब अंगणातच, न्हाणीघरात नाही. शेगडीचं जे कारण तेच.

शेकोटी_७

ऑइल हीटर रद्द. खिडक्यांपासून सुरू करतो. ती केसाळ लोकरी पट्टी कोणत्या मापाची आणायची?

सुतारपक्षी

मापं बरीच आहेत, पायाची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. पाय मोठा असेल तर खाचेत शिरत नाही, केस उंच असतील तर खिडकी जड सरकते. म्हणून अंदाजाने आणू नका. एक पल्ला उचलून ट्रॅकमधून काढा, बाजूच्या खाचेतून जुनी पट्टी चार बोटं ओढून कापा आणि तो तुकडा ॲल्युमिनियमच्या दुकानात न्या. पल्ल्यात जिथे झाकली गेलेली असते तिथला तुकडा घ्या, झडलेल्या भागावरून केसांची खरी उंची कळत नाही. लांबी मोजताना पल्ल्याच्या दोन्ही उभ्या बाजू आणि वर-खाल धरा, त्यावर हातभर जास्त घ्या. बसवताना खाचेतली धूळ जुन्या टूथब्रशने काढा, पट्टी ताणू नका, नाहीतर महिन्याभरात आखडून कोपरे उघडे पडतात.